दिगंबरचा नागनाथ

नागनाथ दिगंबरचं नाव कधी घेत नसे. "आमचे हे जेवायचेत अजून," म्हणत दुपारी दुकानाच्या फळ्या लावायला घ्यायचा. गिऱ्हाइकं हसायची. त्यांना वाटायचं, गडी चेष्टा करतोय. सोलापुरात माझ्या चादरींच्या दुकानाला लागून त्याचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान होतं. दिगंबर यंत्रमाग दुरुस्त करायचा. दोघं कितीतरी वर्षं एका घरात राहत होते. पण घर दिगंबरच्या नावावर होतं; पुढे ते त्याच्या भावाकडे गेलं आणि नागनाथला सोलापूर सोडावं लागलं, याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी डोक्यावर गठ्ठे वाहून वर आलेला माणूस. भाव पाडल्याशिवाय मला घास गिळवत नाही. नागनाथ मात्र बधायचा नाही. "शेट, चटणी हाय ही, चादर न्हाय. वढून लांब हुत न्हाय."

अशा जोडप्यांच्या लग्नाचा खटला सुप्रीम कोर्टात चालला, तेव्हा तो माझ्या दुकानातल्या टीव्हीसमोर बसून असे. कायदा करणं संसदेचं काम, असा निकाल आला. "कोर्टानं संसदेकडं धाडलं," तो म्हणाला, "आता संसद कुणाकडं धाडती बगू की." हसला, पण त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

पुढे दिगंबर हार्ट अटॅकने गेला. दवाखान्यात नातं विचारलं. नागनाथला सांगता येईल असं एकही नातं कायद्यात नव्हतं. दिगंबरच्या ज्या भावाने त्यांचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, तो वैरागकडून आला आणि देह गावी घेऊन गेला.

मी नागनाथला गाडीत घालून मागोमाग गेलो. मसणवटीत बघतो तर देहाला मुंडावळ्या बांधलेल्या! बिनलग्नाचा पुरुष गेला तर आधी रुईच्या झाडाशी त्याचं लग्न लावायचं, मग अग्नी द्यायचा, ही त्यांच्या घराण्याची रीत. रुईची फांदी आणली, अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या. नागनाथच्या हातावरही चार दाणे पडले.

माझं डोकं फिरलं. झाडाशी लग्न चालतं, माणसाशी चालत नाही!

"थांबा," नागनाथ म्हणाला. "ह्येंचं हे दुसरं लगीन हाय. पयला मी हाय."

भाऊ अंगावर धावून आला. "लाज हाय का रं? गड्याचं गड्याशी कसलं लगीन, पोरं हुत्यात का? मयतीत तमाशा करतूस?"

"पोरं हुतील का म्हून झाडाला इचारलंत व्हय?"

चौघांनी धरून त्याला रस्त्यावर काढलं. जन्मात कुणापुढे न वाकलेला मी, त्या भावापुढे हात जोडले. अग्नी नको, निदान एक लाकूड तरी ठेवू द्या त्याला.

"तुमी यापारी मानूस. आमच्या घरच्या मामल्यात पडू नका."

रस्त्यावरून सगळं दिसत होतं. फांदी चितेवर दिगंबरच्या उशाशी ठेवली. मी तोंडाला येतील त्या शिव्या देत होतो. नागनाथने माझा दंड धरला.

"वली हाय ती, शेट. लवकर पेटायची न्हाय, धूर लई हुईल," तो म्हणाला. "त्येंना धुराचा तरास हुतो."