पाण्याला भिणारे काका

“ताई, मला भ्या वाटायलंय.”

फाटकातून आत आल्यावर काकांचं पहिलं वाक्य हेच. रामराम त्यानंतर. म्हणताना उजवा हात छातीवर असायचा आणि नजर माझ्याकडे नाही, माझ्यामागच्या पाण्याकडे. सुरुवातीला मी घाबरून विचारायची, “काय झालं, काका?” ते म्हणायचे, “काय न्हाई. अजून तरी काय न्हाई.” पुढे मी विचारणं सोडून दिलं आणि चहा टाकायला लागले.

मानवतला आमचं जिनिंग आहे आणि बंगला त्याच्याच आवाराला लागून. आमच्या ह्यांना हौस आली म्हणून बंगल्यामागे पोहायचा तलाव बांधला. एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला सहा. हंगाम सुरू झाला आणि कापसाचे तंतू उडून पाण्यावर साय धरली. फिल्टर तुंबायचा, त्यात वीज जायची. परभणीहून माणूस येऊन साफ करून जायचा, आठ दिवसांत पाणी पुन्हा हिरवं. शेवटी कुणीतरी काकांना घेऊन आलं. गावाच्या नळाचं पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टर हाऊसवर नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापून आलं तरी ते घाबरले असते.

कशाकशाला भ्यायचे म्हणून सांगू! मोटारीचं बटण लाकडी काठीनं दाबायचे. आमचा म्हातारा कुत्रा उठून नीट भुंकायचाही नाही, तरी त्याला वळसा घालून जायचे. ब्लिचिंग पावडरचा डबा आवाराच्या एका टोकाला आणि फरशीचं तेजाब दुसऱ्या टोकाला ठेवायला लावलं. “ह्या दोगांची गाठ पडू देऊ नका, ताई. श्वास कोंडून मानूस मरतं.” आमचे हे म्हणायचे, “काकाला स्वतःच्या सावलीचं बी भ्या वाटतंय.” आम्ही सगळे हसायचो, काकाही हसायचे. पण डबे तिथंच ठेवायचे.

गंमत म्हणजे त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्यात पाऊल टाकायचे नाहीत. काठावरून लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती घासायचे. त्यांच्या पिशवीत एक जुनी स्टीलची ताटली असायची, सुतळी ओवलेली. ती पाण्यात सोडायची आणि कुठवर दिसते ते बघायचं. तळाला टेकलेली ताटली वरून दिसली तरच पोरांना उतरू द्यायचं, नाहीतर नाही.

एकदा मी विचारलंच. “काका, खरं सांगा, कधी काही झालं होतं का? कुणी बुडालं होतं?”

“कायच झालं न्हाई,” ते म्हणाले. “सगळी नोकरी टाक्यांवर गेली. एक मानूस बुडलं न्हाई. भ्यालो म्हणूनच न्हाई बुडलं.”

त्या उन्हाळ्यात आम्ही पंधरा दिवस लेकीकडे लातूरला राहिलो. परत आलो तर पाण्याचं पार पालकाचं वरण झालेलं. भिंतींना बुळबुळीत शेवाळ, वर डासांचे थवे. आणि चार दिवसांवर लेकीच्या मुलाचं जावळ. ते आमच्याच घरी होणार, कारण मुलाला मांडीवर घेणारा मामा, म्हणजे माझा मुलगा, इथला. ह्यांनी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, पोरांचे पोहायचे कपडे आणा.

“सोडून द्या सगळं पाणी,” हे काकांना म्हणाले. “टँकर बोलवतो.”

“मालक, गल्लीत आठ दिसाला नळ यायलाय, आन् तुमी एवढं पाणी फेकायलाय? ह्याच पाण्याला नितळ करू. पर येळ द्या.”

संध्याकाळी त्यांनी तोंडाला पंचा बांधून ब्लिचिंग टाकलं. सकाळी हिरवा रंग गेला होता, पण पाणी ताकासारखं पांढरट झालं होतं. मला वाटलं बिघडलं. काका म्हणाले, “शेवाळ मेलंय, ताई. पर मेलेलं अजून पाण्यातच तरंगायलंय. त्याला खाली बसवायचं.” दुसऱ्या दिवशी बादलीत तुरटी विरघळवून त्यांनी कडेकडेनं सगळीकडे सोडली आणि मोटार बंद केली. “आता पाणी झोपू द्या. तीन दिस कुणी हात बी लावायचा न्हाई. गाळ खाली बसला की पायपानं हळूच वढून लिंबाच्या झाडाला सोडतो.”

तीन दिवस! हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. जावळ तिसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि पाणी त्या रात्री उठणार होतं.

जावळाच्या दिवशी पहाटे मी मागे जाऊन पाहिलं. पाणी तळाकडे जरा निवळलं होतं, पण वरून फिकट, आजारी दिसत होतं. सासरचे, माहेरचे, व्याही, सगळे येणार. आमच्या घरात पांढऱ्या धोतराचा पिवळटपणा पिढ्यान्‌पिढ्या नीळ घालवत आलेली आहे. मी कपाटातली निळीची भरलेली बाटली आणली, पाण्यात उपडी केली आणि बांबूनं चांगलं ढवळलं. दोन दिवस निजलेलं पाणी मी खडबडून जागं केलं. पण दिसायला असं निळंशार झालं, की मीच बघत राहिले.

हे उठून आले आणि खूश झाले. नऊच्या सुमारास काका आले. ह्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “वा काका! फोटोतल्यासारखं केलं की!”

काकांनी पिशवी उघडली. ताटली सोडली. ती हातभर खाली गेली आणि दिसेनाशी झाली. त्यांनी सुतळी वर ओढली, परत सोडली, पुन्हा तेच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातांकडे. माझी नखं निळी होती. मी हात पदराखाली घेतले. मला वाटलं, आता सांगतात.

ते म्हणाले, “मालक, आज कुणाला उतरू देऊ नका. बूड दिसंना. मला भ्या वाटायलंय.”

“तुमाला कधी वाटत न्हाई?” हे हसले. पाहुणेही हसले. काका जाऊन तीन फुटांच्या टोकाला, पाण्यात उतरायच्या पायऱ्यांवर आडवे बसले आणि उठेनात. पोरं रडायला लागली. व्याह्यांसमोर ह्यांचा चेहरा लाल झाला. माझ्या भावानं काकांना दंडाला धरून उठवलं आणि फाटकाबाहेर नेऊन सोडलं. जाता जाता काका पोरांना सांगत होते, “आत काय हाय दिसत न्हाई, लेकरांनो. जाऊ नका.” मी तिथेच उभी होते. एक शब्द बोलले नाही. आजही त्याची लाज वाटते.

आत जावळ झालं, बाळ रडलं, पेढे वाटले. मागे पोरं पाण्यात डुंबत होती आणि दोन मोठी माणसं काठावर बसली होती. तासाभरानं लेक माझ्याकडे आली. “आई, चिऊ तुझ्याजवळ आहे का?”

चिऊ तिची थोरली, पाच वर्षांची. माझ्याजवळ नव्हती. स्वयंपाकघरात नव्हती, गच्चीवर नव्हती. काठावर बसलेल्यांना विचारलं तर एक म्हणाला होती, दुसरा म्हणाला नव्हती. आणि खोल बाजूला, अगदी कडेला, तिची एक गुलाबी चप्पल पडली होती.

पोरांना भराभर बाहेर काढलं. पाणी हलायचं थांबलं. मी काठावर गुडघे टेकून आत पाहिलं आणि मला माझाच चेहरा दिसला, त्याखाली काहीच नाही. सहा फुटांत माझी नात आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. तेवढं भय मी जन्मात अनुभवलेलं नाही. हे कपड्यांसकट उडी मारून खाली गेले, वर आले, “दिसंना, दिसंना” म्हणून ओरडायला लागले.

काका गावात गेलेच नव्हते. फाटकाबाहेर उभे होते. ते आत आले ते थेट पायऱ्यांवरून पाण्यात. “समद्यांनी हात धरा! वळीनं चला! पायानं चाचपा, एक टाइल सोडू नका!” माणसांची साखळी झाली आणि काका तिच्या खोल टोकाला. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. हनुवटी वर करून, डोळे मिटून हा माणूस पायांनी तळ चाचपत चालला होता. मी ओरडले, “नीळ मी टाकली! मी टाकली!” कुणी वळूनही पाहिलं नाही. नीळ कुणी टाकली याच्याशी आता कुणाला काय करायचं होतं.

चिऊ कोठीत सापडली. पाहुण्यांसाठी रचलेल्या गाद्यांच्या थप्पीमागे, पेढा हातात धरून झोपलेली. लेकीनं तिला उचलून आणलं तेव्हा ती डोळे चोळत म्हणाली, “काका म्हणाले आत काय आहे दिसत नाही. मला भ्या वाटलं.” चप्पल सोडून, अनवाणी पळाली होती ती.

सगळे पाण्याबाहेर आले. काका येईनात. “सापडली, काका!” हे ओरडले तरी ते पाय फिरवतच होते. शेवटी लेक पायऱ्या उतरून चिऊला त्यांच्याजवळ घेऊन गेली. त्यांनी ओल्या हातानं तिचं पाऊल दाबून पाहिलं, मग दुसरं, आणि मग कुठे बाहेर आले. आमच्या ह्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काका घाबरून मागे सरकले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. “तुम्हाला कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत?”

“पाव्हन्यांपुढं तुमची इज्जत गेली असती. त्याला भ्यालो.” मग म्हणाले, “चुकलोच. पाण्यापुढं इज्जतीला कोन भ्यातं?”

पुढचे तीन दिवस त्यांनी पुन्हा सगळं केलं. तुरटी, मोटार बंद, गाळ पायपानं ओढून लिंबाला. लिंबाखालची माती निळसर झाली. तिसऱ्या दिवशी तळाच्या टाइलांवरच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. मी म्हटलं, “काका, जिंकलात!” ते ब्रश धुऊन भिंतीला टेकवत म्हणाले, “उद्यापासून मी येनार न्हाई, ताई.”

मला वाटलं, अपमान मनात राहिला. तसं नव्हतं.

“त्या दिशी गळ्यापतोर पाण्यात गेलो. काय झालं न्हाई. काल झाडता झाडता पाय पाण्यात सोडून बसलो, मला कळलं बी न्हाई. भ्या कमी झालं माजं.” छातीवर हात नेला आणि तसाच खाली घेतला. “भ्या कमी झालेला मानूस ह्या कामाचा न्हाई.”

आम्ही खूप विनवलं. ते पालमला मुलाकडे राहायला गेले. दोन वर्षांनी तिथेच, झोपेत गेले. शांतपणे गेले म्हणतात.

आता मशीन घेऊन एक कंपनीचा माणूस येतो. पाणी कायम स्वच्छ असतं. सुट्टीत चिऊ येते, मोठी झाली आहे, काठावरून सुळकी मारते. मी काठावर खुर्ची टाकून बसते. कुणी मागून हाक मारली, तर आधी खुर्ची पाणी दिसत राहील एवढीच आडवी वळवते आणि मगच उत्तर देते. त्या पाण्याकडे पाठ करणं मला अजून जमलेलं नाही.