निळ्या पिंपाचं मध्यंतर

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागे एक वाचनालय आहे आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर साठ खुर्च्यांचं एक थेटर आहे. खुर्च्या एका पाडलेल्या टॉकीजमधून आणलेल्या, त्यामुळे त्यांतले ढेकूणसुद्धा अनुभवी. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तिथे असे सिनेमे दाखवतात, जे त्यांच्या स्वतःच्या देशातही कोणी पाहत नसावं. मी त्या मंडळाचा चार वर्षं सभासद आहे. त्यातली पहिली तीन मी झोपून काढली.

झोपण्याचंही एक तंत्र असतं. डावा हात हनुवटीखाली, कोपर खुर्चीच्या दांड्यावर, चेहऱ्यावर किंचित दुःख. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस आत कुठेतरी हललाय. मला ही सोय आयती मिळाली होती, कारण लॅपटॉप चालवायचं आणि दिव्याचं बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते बटण शेवटच्या रांगेच्याही मागे होतं.

सिनेमा संपला की चर्चा. चर्चेला नऊ माणसं, त्यातली चार बोलणारी. त्यांतला एक दाढीवाला मालिकांचे संवाद लिहून पोट भरायचा आणि शनिवारी इथे येऊन मालिकांच्या नावाने थुंकायचा. दिग्दर्शकाने बकरी दाखवली तर त्याला सत्ता दिसायची आणि सत्ता दाखवली तर बकरी. या सगळ्यांना पुरून उरेल असं एकच वाक्य माझ्याकडे होतं: ‘शेवटचा शॉट मला अजून सोडत नाहीये.’ ते कुठल्याही सिनेमाला चालायचं. एकदा शेवटचा शॉट म्हणजे नुसता काळा पडदा होता, तरी चाललं. दाढीवाल्याने मान डोलावली.

घरी मात्र माझा रुबाब विचारू नका. बायको टीव्हीवर काही बघत बसली की मी मागून ‘कसं बघवतं गं तुला हे’ म्हणत जायचो. ती म्हणायची, “तुझ्या थेटरात तरी काय बघतोस? दर शनिवारी गालावर बोटांचे वळ घेऊन येतोस.”

हे सगळं चालवायचे ते सर. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. वीस वर्षं त्यांनी एकट्याने हे मंडळ ओढलं होतं आणि त्यांचा एकच नियम होता: सिनेमा सुरू झाल्यावर दिवा लागणार नाही. म्हणजे उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही, मोबाइल नाही आणि मध्यंतर तर मुळीच नाही. दिग्दर्शकाने जे सलग बांधलंय ते चहासाठी मोडणारा माणूस त्यांच्या लेखी देवळात चप्पल घालून शिरणारा. एकदा त्यांची स्वतःची बायको आठ मिनिटं उशिरा आली, तर दाराच्या फटीतून तिला परत पाठवलं. पुढे ती बाई कधी आली नाही, यात मला तिचं शहाणपण दिसतं.

तर त्या महिन्यात सरांनी कॅरिबियन बेटांवरचे चार स्वतंत्र सिनेमे लावले होते. स्वतंत्र म्हणजे ज्यांच्या मागे निर्माता नाही आणि पुढे प्रेक्षक नाही. पहिल्या शनिवारी नऊ जण आले, दुसऱ्या शनिवारी सात. तिसऱ्या शनिवारी पडद्यावर एक माणूस ऊस तोडत होता. मी झोपलो तेव्हा तोडत होता, उठलो तेव्हाही तोडत होता.

त्याच दिवशी वाचनालयाच्या ट्रस्टचे कार्याध्यक्ष वर आले. खालच्या गल्लीतल्या एका बाईंना शनिवारी झुंबाचा वर्ग घ्यायला हॉल हवा होता. कार्याध्यक्ष तसे सभ्य. म्हणाले, पुढच्या शनिवारी मी स्वतः येऊन बघतो, चाळीस माणसं दिसली तर शनिवार तुमचा, नाहीतर झुंबाचा.  सर पडद्याखाली सांडलेल्या वायरी गुंडाळत बसले. गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळली. वीस वर्षांत या माणसाने शनिवार संध्याकाळी दुसरं काहीच केलं नव्हतं, आणि दुसरं काही करायला घरी कोणी बोलावेल असंही त्यांनी ठेवलं नव्हतं.

मला दया आली. माझी दया ही नेहमीच दुसऱ्याला महागात पडते.

आमची सोसायटी तिथून दहा मिनिटांवर. निम्मी माणसं मालवण-वेंगुर्ल्याकडची, बापजादे गिरणीत होते, आता पोरं बँकेत आणि कुरिअरमध्ये. मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं: ‘कॅरिबियन चित्रपट. समुद्र, नारळ, मासे, अगदी आपल्या कोकणासारखं. प्रवेश मोफत. मध्यंतरात गरम बटाटेवडे व चहा.’ तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेटवर आहे का? मी त्याखाली अंगठा टाकला.

मध्यंतर हा शब्द मी कसा लिहिला, हे मला आजही सांगता येत नाही. हात आपोआप लिहून गेला. आपल्याकडे माणूस जन्माला येतो, मध्यंतरात वडा खातो आणि मरतो. सरांना सांगू सांगू म्हणता शनिवार उजाडला.

पावणेपाचला जिन्यावर जत्रा. आमच्या शेजारच्या मालवणी आजी काठी टेकत दोन मजले चढून आल्या आणि पहिल्या रांगेत सरांच्या शेजारी बसल्या. क्रिकेटवाले तिघं टोप्या घालून आले होते. सरांनी मागे वळून भरलेला हॉल पाहिला, खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला आणि परत काढून पुसला. मग मला म्हणाले, “दिवा बंद कर.”

सिनेमा असा होता. एका बेटावर म्हातारा कोळी एकटा राहतो. त्याची बायको अकरा वर्षांपूर्वी परदेशात नोकरीला गेलेली. एक दिवस तिच्याकडून बोटीने एक पिंप येतं. निळं, प्लॅस्टिकचं, झाकण पक्कं ठोकलेलं. तिकडे गेलेली माणसं घरच्यांना असंच पिंप भरून सामान पाठवतात म्हणे. म्हातारा ते अंगणात ठेवतो आणि उघडतच नाही. कोंबड्या त्यावर बसतात. शेजारीपाजारी येऊन टकटक करून जातात.

पिंप पडद्यावर आलं तशी मागून एक बाई म्हणाली, अगं, हे तर आपल्या मोरीतलं. सरांनी वळून पाहिलं. हॉल गप्प झाला आणि मग, मला नवल वाटलं, गप्पच राहिला. मी हात हनुवटीखाली नेला, पण झोप येईना. वड्यांची काळजी होती. पोळीभाजी केंद्रवाल्या बाईंना मी सहा म्हणजे सहा सांगितलं होतं.

सहा वाजता फोन थरथरला. वडे खाली आले होते. पडद्यावर म्हाताऱ्याने शेवटी छिन्नी घेतली होती, ती झाकणाच्या कडेत घातली होती आणि हातोडा वर उचलला होता.

मी लॅपटॉप थांबवला आणि दिवा लावला.

सर सावकाश वळले. “दिवा का लावलास?”

“सर, मध्यंतर.”

“कसलं?”

“वडे आलेत.”

वीस वर्षं शाळेत ज्या नजरेने त्यांनी पोरांना ओणवं उभं केलं असेल ती नजर मला मिळाली. पण तोवर हॉल उठला होता. वडा म्हटल्यावर मराठी माणसाला थांबवणं कुठल्याही शिक्षकाला जमलेलं नाही. दोन मिनिटांत सगळी गर्दी जिन्यावर, वरपासून खालपर्यंत, हातात कागद, कागदात वडा. पडद्यावर हातोडा हवेत, आणि त्याच्यासमोर पहिल्या रांगेत सर एकटे.

नेमके तेव्हा कार्याध्यक्ष आले. जिन्यावरची गर्दी पाहून त्यांना वाटलं, पहिल्या मजल्यावर कोणाची पूजा आहे. वाट काढत ते वर गेले आणि दारातून आत डोकावले. मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: “एकच माणूस?”

मी धावलो. तोंडात अख्खा वडा होता, गरम. गिळताही येईना, थुंकताही येईना. कार्याध्यक्षांसमोर उभा राहून मी दोन्ही हात जिन्याकडे हलवत होतो. त्यांना वाटलं, मला ठसका लागलाय. त्यांनी माझ्या पाठीत तीन धपाटे घातले. सर पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, वाट लागली. सरांची वीस वर्षं मी एका वड्यात गिळली.

जिन्यावर मात्र वेगळंच पेटलं होतं. पिंपात काय आहे? एक म्हणे साबण आणि चॉकलेटं, आमचा दीर दुबईहून तेच आणायचा. दुसरी म्हणे कपडे, तिच्या मापाचे, म्हणजे ती परत येणार. एक जण म्हणाला घटस्फोटाचे कागद, तर त्याच्या बायकोने त्याचा उरलेला वडा काढून घेतला. क्रिकेटवाले तिघं तेवढे मला शिव्या घालत घरी गेले. मग आजींनी काठी आपटली.

“चला गो बायांनू. तो आता पिंप उघडतलो.”

सगळे वर आले. कार्याध्यक्ष दारात उभे राहून बोटाने मोजू लागले. बावीस-तेवीसपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात सर न वळता म्हणाले, “दिवा बंद कर. उभे आहेत त्यांनी बसून घ्या.” मी बटण दाबलं. कार्याध्यक्ष अंधारात चाचपडत पायरीवर बसले. कोणीतरी त्यांच्या हातात वडा दिला.

हातोडा पडला. झाकण निघालं. म्हातारा आत वाकून बघत राहिला, खूप वेळ. मग त्याने झाकण परत लावलं आणि सिनेमा संपला. पिंपात काय होतं ते दाखवलंच नाही.

दिवा लावला तेव्हा पहिलं वाक्य कार्याध्यक्षांचं होतं. “अहो, पण होतं काय त्यात?”

दाढीवाला याच क्षणासाठी जगत होता. तो उठला आणि म्हणाला, पिंप रिकामं आहे, ते वसाहतोत्तर रितेपणाचं...

“रिकामा पिंप उचलूक चार जण कशाक व्हये होते रे?” आजी म्हणाल्या. “सुरवातीक बोटीतसून चौघांनी काढल्यानी ना? बघूक नाय तू?”

दाढीवाला बसला. मालिकेत त्याने कोणालाही इतक्या लवकर बसवलं नसेल. सर हळूच आजींकडे वळले आणि चार माणसांबद्दल पुन्हा विचारलं. त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मग तासभर सगळे भांडले. मला कोणी विचारलं, तुमचं काय मत? त्या दिवशी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागा होतो, त्यामुळे बोलायला काही सुचलं नाही.

जाताना कार्याध्यक्षांनी शनिवार मंडळाला दिला. एकच अट घातली: मध्यंतर आणि वडे चालू ठेवा. सरांनी ‘बरं’ म्हटलं. कोणीतरी त्यांच्या देवळाचा दरवाजा वाचवला होता आणि आत गाभाऱ्यात टपरी टाकली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. ती दर आठवड्याला मिळते. आता सर प्रत्येक सिनेमा आधी घरी बघतात, तोडला तर कमीत कमी कुठे दुखेल ते शोधत. बायकोही बघायला बसते, असं एकदा ओझरतं बोलले. चिठ्ठीत बारीक अक्षरात असतं: ‘त्रेपन्नावं मिनिट. कुत्रं रस्ता ओलांडून गेलं की. कुत्र्याच्या आधी नाही.’

मध्यंतरात ते जागचे उठत नाहीत. वडा नेऊन दिला तर नको म्हणतात. आणि मी, ज्याने तीन वर्षं त्या अंधारात सुखाची झोप काढली, डोळे ताणून बसतो आणि कुत्र्याची वाट बघतो.