अडकित्त्यासमोर गप्प

आमच्या नाशकातल्या एका छोट्या संग्रहालयात मी रोज जाऊन बसते; तिथल्या ताई बोलायला लागल्या की पूर्णविराम विसरतात. त्यामुळे आलेली माणसं लगेच निघून जात, आणि असंच चाललं तर संग्रहालय बंद पडून त्या जागेचं गोदाम होणार होतं. म्हणून ताईंनी मोबाइलवर संग्रहालयांविषयीचा एक फुकट ऑनलाइन कोर्स केला. त्यातलं एकच त्यांनी घट्ट धरलं: बघणाऱ्याला आधी बोलू द्यायचं.

काल पेठ तालुक्यातल्या एका शाळेची पोरं आली. ताईंनी घोड्याच्या आकाराचा अडकित्ता टेबलावर ठेवला, "हे काय असेल?" असं विचारलं आणि स्वतःच हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. मी मास्तरीण असताना पोरांना असं बसवायचे, आणि वर्ग किती छान शिकतोय म्हणून मिरवायचे.

"नखं कापायचं हाय," एक पोरगं म्हणालं.

"येड्या, घोड्याची?" दुसरं ओरडलं.

बोलणं दाबून ताईंचा चेहरा लाल झाला, पण बोट हललं नाही. मला मात्र राहवेना. "अरे, सुपा..." एवढं निघालंच तोंडातून.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा," ताई म्हणाल्या.

जन्मभर पोरांना वर्गाबाहेर काढलं, काल माझा नंबर लागला. बाहेरच्या बाकावरून मी आतला पोरांचा वाद ऐकत होते. त्यांचे सर दोनदा म्हणाले, "चला, बस थांबलीये." एकही पोर बाहेर आलं नाही.