पुढच्या बाकावरची बाई

त्या बुधवारी मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. हात माखलेले, नळ चालू, आणि स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून माझी मुलगी केतकी ओरडली, "आई, हॉल तिकिटं आली गं!"

बातमी एवढीच. पण तिच्यातून मी पुढे असा काही पराक्रम केला, की परीक्षा केंद्रावरचे सर आजही मला बघितलं की खुर्चीतून उठतात. आदराने? छे! धास्तीने.

थोडं मागचं सांगते. आम्ही चारकोपचे. पन्नाशी ओलांडल्यावर मी आणि माझा नवरा विजय, दोघांनी मिळून विद्यापीठाच्या दूरशिक्षणाला नाव घातलं. एम.ए., इतिहास. कल्पना त्याची, भांडणं दोघांची. "मराठे तुझे, मोगल माझे. पेपरच्या आदल्या दिवशी एकमेकांना शिकवू," अशी त्याने अभ्यासाची वाटणीसुद्धा करून टाकली होती. वर्षभराच्या परीक्षांचे दोघांचे फॉर्मही त्याने एकदमच भरून ठेवले होते.

ऑगस्टमध्ये विजय गेला. हृदयविकार. दोन दिवसांत सगळं आटोपलं.

डिसेंबरच्या परीक्षेला मी बसणार, हे मी कुणालाही न विचारता ठरवलं. मोगलांसकट. या वेळी राहिलं तर पुन्हा पुस्तक उघडणं माझ्याने होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर हात धुतले आणि मार्केटमध्ये मनीषाच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. आमचा दोघांचा ईमेल एकच. मनीषाने तो उघडला आणि म्हणाली, "वहिनी, दोन आलीत. दोन्ही काढू?"

आता शहाण्या माणसाने काय म्हणावं? 'एकच काढ.' मी म्हटलं, "काढ दोन्ही."

तिने काढली. घरी येऊन मी दोन्ही एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली. आणि पेपरच्या दिवशी घाईत वरचं उचललं, चार घड्या घातल्या आणि निघाले.

तुम्हाला कळलं ना काय झालं? मला नाही कळलं! मी आपली रिक्षात बसून अकबराची मनसबदारी घोकत होते.

केंद्र गोरेगावच्या एका कॉलेजात होतं. गेटवरच्या वॉचमनने कागद आहे एवढं बघितलं आणि आत सोडलं. फोटो? झेरॉक्सच्या प्रिंटवर आपण सगळेच कोळसा. मी घडीतून फक्त नंबर बघितला. शेवटी त्रेपन्न. खडूने त्रेपन्न लिहिलेलं बाक शोधलं आणि ऐसपैस बसले. पुढचं बावन्न नंबरचं बाक रिकामं होतं.

सुपरवायझर म्हणून एक मुलगी आली. माझ्या केतकीहून लहानच असेल. नवीन नोकरी, हातात गठ्ठा, चेहऱ्यावर घाम. मी बसल्या जागेवरून सुरुवात केली.

"अगं, पंखा लाव आधी. आणि ती खिडकी उघड. माणसं परीक्षेला आलीत, वाफवायला नाही."

"हो काकू," म्हणाली बिचारी आणि पंखा लावायला धावली.

मागच्या बाकावर वाहतूक पोलिसातले एक हवालदार होते. तेही एम.ए. करत होते. ते पुटपुटले, "बाई, तुम्ही सिग्नलवर उभ्या राहा. मला बढती मिळेल."

एकंदरीत वर्ग माझ्या ताब्यात होता. ती मुलगी सह्या घ्यायला आली, तेव्हा माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही. 'आता ही काय काढते' याच काळजीत असावी. मी त्रेपन्न नंबरच्या पुढे झोकात सही ठोकली. तिने माझ्या उत्तरपत्रिकेवर सही केली. सगळं झकास! पहिला प्रश्न मनसबदारीचाच. हात नुसता पळत सुटला.

अर्ध्या तासाने ती गैरहजरांची यादी करायला निघाली आणि रिकाम्या बाकापाशी थांबली. "बावन्न ॲबसेंट," म्हणाली.

मी गप्प बसावं की नाही? पेपर कुणाचा चाललाय? वेळ कुणाचा जातोय? पण नाही!

"हे बघ," मी पेन खाली ठेवून म्हटलं, "फॉर्म भरायची हौस दांडगी, आणि पेपरच्या दिवशी अंथरूण सुटत नाही."

"असं नका म्हणू काकू. काही अडचण असेल."

"अडचणी कुणाला नसतात गं? मी आलेच ना? बाई आहे का माणूस?"

तिने यादी बघितली. "लेडीज आहे."

"बघ! म्हणजे घरचं निमित्त. आपणच घाबरायचं आणि घरच्यांवर ढकलायचं. नाव तरी काय या महाराणीचं?"

तिने यादीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "सावंत सुनंदा विजय."

मी पुढच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं.

"अगं," मी म्हटलं, "ती मी आहे."

"काय?"

"ती ॲबसेंट बाई मी आहे."

मागून हवालदार म्हणाले, "मग तुमच्या बाकावर कोण बसलंय?"

मी घडी उलगडली. सीट नंबरच्या वर ठसठशीत छापलं होतं, सावंत विजय शांताराम. खाली त्याचा कोळसा झालेला फोटो.

ती मुलगी मला कंट्रोल रूममध्ये घेऊन गेली. आतले सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, हे विजय सावंत कोण?"

"माझे मिस्टर."

"त्यांच्या नंबरवर तुम्ही पेपर लिहिताय! डमी बसणं म्हणतात याला, गंभीर केस आहे ही. नवऱ्याला पास करायला बायको बसवली?"

"अहो, त्याच्या नावावर मुद्दाम बसले असते तर नापास करून सोडला असता. आयुष्यभर म्हणाला, मोगल तुला जमणार नाहीत."

"चेष्टा करू नका. बोलवा त्यांना. आत्ताच्या आत्ता."

"बोलावता येणार नाही."

"का? बाहेरगावी आहेत?"

"ऑगस्टमध्ये गेला तो, सर."

"कुठे?" सर सवयीने म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले. त्या मुलीने तेवढ्यात पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि स्वतःच रडायला लागली. आता मी तिची समजूत काढू की माझा पेपर वाचवू?

"हे बघा," मी म्हटलं, "रडणं, चौकशी, केस, सगळं पेपरनंतर करू. माझी चाळीस मिनिटं गेलीत. चार प्रश्न बाकी आहेत. ॲबसेंट तेवढा काढा."

सरांनी पर्समधलं माझं आधार कार्ड तपासलं, माझ्याकडून दोन ओळींचा खुलासा लिहून घेतला. उत्तरपत्रिकेवरचा नंबर लाल पेनाने खोडून बाजूला सही केली. मग यादी पुढे ओढली. त्या यादीत विजय माझ्या झोकदार सहीनिशी हजर होता आणि मी गैरहजर. सरांनी लाल पेन त्याच्या ओळीवर धरलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ते दुरुस्त केलं.

वर्गात परत गेले. हवालदार म्हणाले, "सुटलात का? लायसन्स जप्त नाही ना?" मी बावन्न नंबरच्या बाकावर बसले आणि घंटा होईपर्यंत मान वर केली नाही. कुणालाही उपदेश केला नाही. त्या मुलीने आपणहून पुरवणी आणून ठेवली.

निकाल लागला. पास झाले. मोगलांत सगळ्यात जास्त, आणि माझ्या मराठ्यांत जेमतेम काठावर!

त्या दिवशी पेपर देऊन निघताना सर मला दारापर्यंत सोडायला आले होते. म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी पुन्हा असं नको व्हायला. साधा अर्ज आहे. मृत्यूचा दाखला जोडायचा, त्यांचं नाव यादीतून कमी होतं. पाच मिनिटांचं काम."

मी म्हटलं, "उद्याच देते."

परवा पुढच्या सत्राची हॉल तिकिटं आली. दोन आली.

अर्ज मी अजून दिलेला नाही.