कंदीलपुष्प आणि बाहेरचं कुलूप

आमच्या घराच्या आवारात मी आजपर्यंत दोनशे चौदा प्रकारचे जीव शोधून त्यांचे फोटो काढलेत. आवार म्हणजे काही सरदाराची गढी नाही. छावणीच्या पुढं एक कॉलनी, तिच्यात तीन खोल्यांचं घर, पुढं पाण्याचा हौद, मागं संडास-बाथरूम, एक लिंबोणी आणि कपड्यांची तार. एवढ्यात दोनशे चौदा. मुंग्याच सात प्रकारच्या आहेत. फरशीच्या फटीतलं गवतही मी सोडलेलं नाही आणि मोरीतली माशीही.

लोक म्हणतात, वहिनींना निसर्गाचं भारी वेड. वेड कसलं डोंबलाचं! मला बाहेर पडता येत नव्हतं म्हणून हे सुरू झालं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातल्या बाईनं जागचं हलायचं नाही. सकाळी येणार म्हणून बसावं तर दुपार होते, आणि जरा दुकानात जाऊन यावं तर नेमकं तेवढ्यात येऊन जातं. अशीच एकदा हौदाच्या कठड्यावर ताटकळत बसले होते, तर मीटरच्या पेटीवर एक इवलासा कोळी दिसला. मी हलले की तोही अख्खा वळून माझ्याकडं बघायचा. मोबाइलवर फोटो काढला. मुलगी नोकरीला पुण्यात असते, तिनं एक ॲप घ्यायला लावलं. तिथं फोटो टाकला की जाणकार लोक नाव सांगतात. पाणी यायच्या आत माझ्या कोळ्याचं नाव आलं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला होता, ते आठवेना.

पाण्यासाठी अडकणं एक वेळ परवडलं, ते चार-सहा दिवसांतून एकदा असायचं. मग अण्णा आमच्याकडं राहायला आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गंगापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी उशिरा लागली तर ड्रायव्हर त्यांच्या खिडकीशी यायला घाबरायचे म्हणे. घरातही तोच दरारा. बावीस वर्षांत त्यांनी कुणापुढं चूक कबूल केलेली मी बघितली नाही. चहात साखर त्यांनीच जास्त टाकली तरी दोष साखरेचा असायचा. सासूबाई गेल्या आणि अण्णा विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातेवाइकांची नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, यांना एकटं सोडू नका. सांगायला काय जातं! कुणी सोडायचं नाही, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलंही नाही. नवरा वाळूजला कंपनीत. राहिलं कोण?

आणि अण्णा म्हणजे पायाला भिंगरी. फाटक उघडं दिसलं की निघाले ड्यूटीवर. चौकात उभे राहून रिक्षावाल्यांना ओरडायचे, वैजापूर गाडी लागली, बाजूला घ्या. रिक्षावाले भले, दोनदा त्यांनीच घरी आणून सोडलं. एकदा शेजारच्या काकूंच्या भरवशावर मी दवाखान्यात गेले, तर तेवढ्यात स्वारी पार पडेगावच्या रस्त्याला लागलेली. काकूंनी हात जोडले. म्हणाल्या, मला नाय झेपत बाई, पुन्हा सांगू नको.

तेव्हापासून माझं जग म्हणजे अण्णांची नजरेच्या टप्प्यातली खाट आणि तिच्याभोवतीचं आवार. मोबाइलला चिमट्यासारखं लावायचं भिंग मागवलं आणि जे हलेल त्याच्या मागं लागले. गावातल्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात मलाही घेतलं होतं. ते रविवारी डोंगरात जायचे, धरणावर जायचे, आणि दूरदेशाहून आलेल्या पक्ष्यांचे फोटो टाकायचे. मी इकडून मोरीतली माशी टाकायची. सगळे कौतुकानं अंगठा दाखवायचे. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू. एकदा कुणीतरी लिहिलं, ताईंचं बरं आहे, घरबसल्या यादी वाढते. त्या दिवशी मी मोबाइल पिठाच्या डब्यावर आपटला. फुटला नाही, नशीब.

श्रावणातल्या एका शनिवारी नवरा अण्णांना खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला घेऊन गेला. मीही होतेच, अण्णा जिथं तिथं मी. परतताना उतारावर अण्णांनी गाडी थांबवायला लावली. नवरा त्यांना आडोशाला घेऊन गेला आणि मी तेवढ्यात खाली उतरले. रस्त्याच्या कडेला निवडुंगाचं जाळं होतं, त्यात एक बारीक वेल चढलेला. त्याला लांबट, खाली फुगीर, टोकाला मिटलेल्या कळ्या. असलं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं. तीन फोटो काढले, तोवर नवऱ्यानं हॉर्न वाजवला. चौथा हलला.

घरी येऊन फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंचं उत्तर आलं. हे कंदीलपुष्प आहे, पण कुठलं ते नुसत्या कळीवरून सांगता येत नाही. फूल उमललेलं हवं, समोरून आणि बाजूनं. त्या डोंगराच्या त्या बाजूची कुणाचीच नोंद नाही. चार-पाच दिवसांत उमलेल, नक्की जा. पुढं त्यांनी हौसेनं त्या फुलाची रीतही लिहिली होती. वासाला भुलून माशी आत शिरते, आतले केस खालच्या दिशेला वळलेले असतात म्हणून तिला वर येता येत नाही, एक दिवस ती आतच राहते, आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटते. मी लिहिलं, बाई, माशीला दुसऱ्या दिवशी तरी सुट्टी आहे. मग ते पुसून टाकलं आणि नुसतं धन्यवाद लिहिलं.

नवऱ्याला म्हणाले, अहो, एक अर्धा दिवस रजा टाका. तो हसला. वाईट माणूस नाही तो, पण हसला. म्हणाला, साहेबाला काय सांगू, बायकोला फूल बघायचंय? पुढच्या शनिवारी जाऊ ना सगळे. शनिवारपर्यंत ते फूल थांबणार होतं का? मी तीनदा सांगितलं, त्यानं तीनदा हूं केलं. मी चिडले, भाकरी थापता थापता परातीवर इतक्या जोरात हात मारला की अण्णा बाहेर येऊन बघून गेले. मला फक्त तीन तास हवे होते. तीन तास, माझे एकटीचे, आणि त्या घरातलं कुणीही ते मला देऊ शकत नव्हतं.

गुरुवारी मी ते घेतले.

पाण्याचा दिवस नव्हता. नवरा कामावर गेला. अण्णांना नाश्ता दिला, डॉक्टरांनी त्याच आठवड्यात बदलून दिलेली गोळी दिली, गॅसचं बटण बंद केलं, टीव्ही लावला. सांगितलं, मी दोन तासांत येते, तुम्ही इथंच बसा. ते हो म्हणाले. मागच्या दाराला बाहेरून कडी घातली, पुढच्या दाराला कुलूप लावलं. नऊ वाजले होते.

स्कूटीवर मिटमिटा गाव मागं पडलं आणि मला रडू यायला लागलं. दुःखाचं नव्हे. तोंडावर वारं लागत होतं आणि मागं बसून कुणी मला कुठं चाललो म्हणून विचारत नव्हतं. निवडुंगाच्या जाळीशी पोचले, तर दोन फुलं उमललेली. खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या शेंड्याशी एकमेकींना चिकटून कंदिलासारख्या. समोरून काढले, बाजूनं काढले, पानाचे काढले, गुडघे टेकून खालूनही काढले. साडीला चीक लागला. एक बाप्या बैलं घेऊन चालला होता, तो थांबून विचारायला लागला, काय हरवलं का ताई? मी म्हणाले, नाही, सापडलं. किती दिवसांनी माझ्या तोंडून असं हसून काही निघालं होतं. मी अजून दहा मिनिटं जास्तीची तिथं बसले. तीही लिहून ठेवते, लपवत नाही.

परतताना दौलताबादच्या दरवाज्यात गाड्या अडकल्या. किल्ल्याचा तो जुना दरवाजा रस्त्यावरच आहे, एका वेळी एकच मोठी गाडी निघते. एक ट्रक आणि एसटी समोरासमोर येऊन बसलेले, मागं रांग, स्कूटीलासुद्धा फट नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. ऊन डोक्यावर. आणि तिथं, त्या धुरात उभी असताना, मला आठवलं की आमचा संडास मागच्या अंगणात आहे. बावीस वर्षं त्या घरात राहून मला ते आठवलं नव्हतं. विसरायचा रोग अण्णांना, आणि विसरले मी. मी वेड्यासारखी हॉर्न वाजवत राहिले. एक ड्रायव्हर म्हणाला, बाई, उडून जाऊ का?

घरी पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं होतं अण्णा आरडाओरडा करत असतील, शिव्या देत असतील. मी त्याच्याच तयारीत होते. पण आवाज नव्हता. दाराशी गेले तर दाराच्या पलीकडून, अगदी खालून, जमिनीलगत बोलणं ऐकू आलं. हळू, पाठ म्हटल्यासारखं.

"माय, उघड ना. आता नाय करणार. माय, आता नाय करणार मी."

मला कुलूप उघडता येईना. किल्ली उलटी जात होती. उघडलं तेव्हा अण्णा उंबऱ्याला टेकून फरशीवर बसले होते, अंगात नुसता सदरा. उजव्या हाताची बोटं सुजलेली, दार वाजवून वाजवून. पायजमा भिजला होता, तो त्यांनी काढून, नीट घडी घालून, खाटेखाली सरकवून ठेवला होता. फरशी कशानं तरी पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. त्यांनी माझ्याकडं वर बघितलं आणि दोन्ही हात कानाशी नेले. जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस माझ्यापुढं कान धरून बसला होता, आणि चूक माझी होती.

मी त्यांना आंघोळ घातली, बोटांना हळद लावली, वरणभात भरवला. ते प्रत्येक घासाला माझ्याकडं बघायचे, गिळू का असं विचारल्यासारखे. संध्याकाळी नवऱ्यानं बोटं बघून विचारलं, हे कसं झालं? मी म्हणाले, दार लागलं. ते काही पूर्ण खोटं नव्हतं.

फोटो मी टाकले. का नाही टाकायचे? त्यासाठीच तर गेले होते. बाईंनी नाव सांगितलं, नोंद पक्की झाली, ग्रुपवर अभिनंदनांची रांग लागली. सगळे लिहीत होते, ताई, शेवटी घराबाहेर पडलात की!

आणि अण्णा सुधारले. त्या दिवसापासून फाटकाकडं फिरकले नाहीत. फाटक सताड उघडं राहिलं तरी खाटेवरून उठत नाहीत. उठायचं झालं तर आधी विचारतात, उठू का? पाणी पिऊ का? मी शंभरदा सांगितलं, अण्णा, विचारायचं नसतं, तुमचंच घर आहे. ते मान हलवतात आणि पुन्हा विचारतात. नवरा खूश आहे. म्हणाला, नवी गोळी लागू पडली बघ. डॉक्टरही खूश, त्यांनी तीच गोळी पुढं चालू ठेवली. मी नवऱ्याला खरं सांगायचं ठरवून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजी काय करू ते विचारलं.

गेल्या रविवारी नवरा आपणहून म्हणाला, जा की तुझ्या डोंगरावर, मी आहे घरी, आणि आता अण्णा कुठं जातात? इतकी वर्षं मी हेच वाक्य ऐकायला तरसले होते. मी चप्पल घातली, खिळ्यावरची स्कूटीची किल्ली काढली, तिच्याच कडीत कुलपाची किल्लीही असते. किल्ली वाजल्याबरोबर अण्णा खाटेवरून उठले. न विचारता उठले. आतल्या खोलीत गेले आणि दार त्यांनी स्वतःच आतून ओढून घेतलं.

नवरा म्हणाला, बघ, किती शहाणे झालेत.

मी किल्ली खिळ्याला परत अडकवली. दार ढकललं तर अण्णा दाराशेजारच्या भिंतीला टेकून फरशीवर बसले होते, हात मांडीवर. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "मी कुठं जात नाही, अण्णा."

ते म्हणाले, "मी बी नाय जात."