कपिलीची घंटा आणि सगुणचं रडार

सगुणच्या कपिली गाईच्या गळ्यातल्या घंटेत मी माझा पायमोजा कोंबला. दुपारची झोप मोडत होती, दुसरं काय! मग पाव आणायला स्कूटर बाहेर काढली आणि कवाड उघडंच टाकलं. परत येतो तर गोठा रिकामा. गाय दिवस भरलेली. सगुणची आई पद्मावतीकाकी उंबऱ्यावर उभी: "गाय सोदून हाडल्याबगर दोगांनीय घरात येवचा नाय!"

सगुण माझा शाळेपासूनचा दोस्त; मी सुट्टीला त्याच्याकडे आलेलो. पेडण्यातल्या विमानतळावरचं रडार सांभाळतो. पन्नास कोसांवरचं विमान त्याला कळतं, पण कपाळावर चढवलेला चष्मा मात्र त्याची बायको सुमनवहिनीच शोधून देते. बोलणं मोजकं. फक्त जत्रेला देवळात गाऱ्हाणं घालताना त्याचा आवाज असा सुटतो, की सड्याच्या कातळमाळापलीकडच्या गावातले लोकही "व्हय म्हाराजा" म्हणून हात जोडतात.

आम्ही सडा चढलो. मी लगेच सुरू, "कपिलेऽऽ!"

चिऱ्यांच्या जुन्या खाणीकडून "कपिलेऽऽ" परत आलं.

"सापडली!" मी नाचलो.

"ती खाण," सगुण म्हणाला. "तुझीच हाक आपटून इली. रडार असाच करता. रेडिओची लहर फेकता, ती विमानाक आपटून परत येता. किती वेळान इली त्यावरसून अंतर, खंयसून इली त्यावरसून दिशा. पण डोंगरावर आपटूनय येता मरे! म्हणान दुसरा रडार सरळ इचारता, 'तू कोण? किती उंच?' आणि विमानातला यंत्र जबाब देता."

"म्हणजे गाऱ्हाणंच की! एकानं सांगायचं, बाकीच्यांनी व्हय म्हाराजा!"

"तसाच. आमच्या कपिलीचा यंत्र म्हणजे तिची घंटा."

एवढं बोलून त्याची नजर माझ्या एका उघड्या पायावर गेली. तो तडक पुढे चालू लागला. शिवी परवडली असती.

ऊन उतरलं. सगुणचा चेहराही. शेवटी त्यानं तिथेच हात जोडले, "बा देवा म्हाराजा! आमच्या कपिलीक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी ठणकावलं.

"तिच्या पोटातल्या जिवाक राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं, तेव्हा सगुणनं त्यावर तळवाच दाबला. "रडार हाक मारता एक क्षण, आयकता त्याच्या हजारपट! आयक!"

काजूंच्या झाडीतून जबाब आला, "हंम्माऽऽ!"

कानामागे हात धरून सगुण भोवऱ्यासारखा फिरला, एका दिशेला थबकला आणि सुटला. मी मागून, एका मोज्यावर. काजूखाली कपिली उभी, तोंडात काजूचा पिकला बोंडू, आणि पायाशी ओलं, थरथरणारं वासरू! आम्ही दोघा टकल्यांनी तिथेच फुगडी घातली. मग सगुणनं घंटेतला पायमोजा उपसून माझ्या खिशात कोंबला आणि वासरू खांद्यावर घेतलं.

पुढे आम्ही, मागे घंटा. मला राहवेना. "सगुण, त्या दोन व्हय म्हाराजांनीच काम झालं बघ. मला पण घे ना तुझ्या रडारावर!"

"पयलां गप रवाक शिक."