मी मरिम्बा धुतला तेव्हा

स्वच्छतेपायी मी जेवढी माती केली, तेवढी कुणी चिखलात लोळूनही केली नसेल.

मीरा रोडला राहायला आलो तेव्हा मी तिशीची होते आणि स्वतःला फार टापटिपीची समजत होते. परळच्या एका खोलीतून दोन खोल्यांत आल्यावर बाई जरा हवेतच असते. त्यातली पुढची खोली माझ्या धाकट्या दिराच्या मरिम्ब्याने अडवली होती. मरिम्बा म्हणजे खाटेएवढं लाकडी पट्ट्यांचं वाद्य. खाली नळ्या लटकतात, आणि लोकर गुंडाळलेल्या काठ्यांनी ते उभ्याने वाजवायचं. गाणी रेकॉर्ड करणाऱ्या स्टुडिओंत दिराला त्यासाठी बोलावणं असायचं. परदेशी निघालेल्या एका म्हाताऱ्या गोवेकर वादकाने ते त्याला दिलं होतं. मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचे. एकदा कुरडयाही वाळत घातल्या.

"वहिनी, हे वाद्य आहे."

"मग वाजू दे की, भावोजी. कुरडया काय त्याच्या तोंडावर हात ठेवतायत?"

असं बोलून मी जिंकल्यासारखी आत जायचे. काय ती ऐट!

नव्वद सालानंतर स्टुडिओंत कीबोर्ड आले. एक बटण दाबलं की मरिम्बा, दुसरं दाबलं की बासरी. दिराची बोलावणी आटली. घरी बसून बसून त्याने मग स्वतःचं काहीतरी बांधायला घेतलं. एकट्या मरिम्ब्याचं, आठ मिनिटांचं. कुणाच्या गाण्यात मधेच चार ठोके भरायचे नाहीत, सगळं त्याचंच. एकेका हातात दोन दोन काठ्या. सुरुवात खालच्या जाड पट्ट्यांवर, मग हळूहळू वर.

"हे तुमचं आहे," तो एकदा म्हणाला. "हंडा भरताना नाद चढत जातो ना, तिथून घेतलंय."

मी लगेच शेजारणीला सांगून आले की आमचे भावोजी माझ्यावर गाणं करतायत. काठ्यांवरची लोकर विटली होती, तर मुलाच्या स्वेटरची उरलेली लाल लोकर मीच गुंडाळून दिली.

दिवाळीनंतर दादरच्या एका हॉलमध्ये त्याला ती आठ मिनिटं मिळाली. ऐकायला दोन मोठे संगीतकार यायचे होते. बटणाला जमणार नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे, हे दाखवायची त्याला ती एकच वेळ होती. हे सगळं मला ठाऊक होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्याकडे तेव्हा पाणी टँकरने यायचं. अंघोळीचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासला, असा हिशेब. दिवाळीच्या आधी एका दुपारी सोसायटीच्या टाकीत कसे कोण जाणे दोन टँकर रिकामे झाले. भर दुपारी नळ धो धो वाहायला लागला. नवरा ऑफिसात, मुलगा शाळेत, दीर हॉल बघायला गेलेला. नळाला पाणी दिसलं की माझं डोकं फिरायचं. पडदे धुतले, पंख्याची पाती धुतली, डबे धुतले, तरी पाणी संपेना. मग माझी नजर मरिम्ब्याकडे गेली. लोकांपुढे जायचं वाद्य, आणि केवढी ती धूळ!

पट्ट्या दोरीत ओवलेल्या असतात. परकराची नाडी ओढावी तशी मी ती दोरी ओढली. पन्नासेक पट्ट्या टबात भिजत घातल्या, वर कपड्यांची पावडर. प्रत्येक पट्टीला सूर मिळवण्यासाठी खालून खोलगट कोरलेलं होतं. मला वाटलं उंदरांनी खाल्लंय, म्हणून तिथे काथ्याने जरा जास्तच घासलं. मग गच्चीवर ऑक्टोबरच्या उन्हात ओळीने वाळत घातल्या.

शेजारची गुजराती बेन पापड काढायला आली होती. "ये क्या सुखाया, दीदी?"

"भावोजी का बाजा. साफ किया."

"अच्छा किया. एकदम नवा लगता है."

संध्याकाळी दीर आला. मी पट्ट्या लहानमोठ्या क्रमाने परत ओवून ठेवल्या होत्या. त्याने काठी उचलून एका पट्टीवर टेकवली. ओल्या पाटावर बुक्की मारावी तसा आवाज आला. दुसरी तशीच. तीन पट्ट्यांना तर उभ्या चिरा गेल्या होत्या.

"वहिनी, धुतलंत?"

"मग! मळकटच नेणार होतात?"

तो खाली बसला. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि बरं वाटलं असतं.

मग मी पट्ट्या तांदळाच्या डब्यात पुरल्या, गादीखाली दाबल्या. शेवटी बस पकडून आम्ही उत्तनजवळच्या चौक गावी गेलो. तिथे होड्या दुरुस्त करणारा एक सुतार होता. त्याने चिरलेली पट्टी कानाशी धरून टिचकी मारली.

"होडी असती तर चीर बुजवली असती, ताई. बुजवलेलं पान्यावर चालतं. ह्ये वाजनार न्हाय."

कार्यक्रमाला चार दिवस उरले तेव्हा दिराने पीसीओवरून कार्यक्रमवाल्यांना फोन केला. मी काचेबाहेर उभी. "हात मुरगळलाय," तो म्हणत होता.

"खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगू? वहिनीने वाद्य धुतलं? चला, हाताला पट्टी बांधा घरी गेल्यावर. कुणी बघायला आलं तर?"

रोज सकाळी मी त्याच्या धडधाकट मनगटाला क्रेप बँडेज बांधायचे. नवऱ्यालाही आम्ही हाताचंच सांगितलं होतं. जेवताना तो दिरावर करवादला, "एवढा हात जपता येत नाही तुला?" मी खाली बघून वरण वाढलं.

गोष्ट तिथेच थांबली नाही. त्याचा हात गेला, अशी बातमी स्टुडिओंत पसरली. उरलीसुरली बोलावणीही बंद झाली. तो जाऊन हात दाखवून आला, तर "आराम करो" म्हणून चहा पाजून पाठवलं.

"मी येते, भावोजी. माझ्या तोंडाने सांगते त्यांना."

"त्यांच्याकडे बटण आहे, वहिनी. त्यांना नुसतं निमित्त हवं होतं."

त्याने स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानात नोकरी धरली. मरिम्बा उचलून ठेवायच्या आधी एका रविवारी दुपारी त्याने ते सगळं वाजवलं. ऐकायला मी एकटीच. बाकीच्या पट्ट्या बेसूर, आणि चिरलेल्या तीन तर त्याने काढूनच टाकल्या होत्या. तरी त्या जागी काठी खाली यायची, आणि काहीच व्हायचं नाही. मला ते सगळं पाठ होतं. शेवटच्या रिकाम्या जागी मला राहवेना, मी तोंडाने "टुं" केलं. तेही चुकलं. तो हसला, महिन्याभरात पहिल्यांदा, आणि काठ्या खाली ठेवल्या.

"राहू दे, वहिनी."

आता नळाला पाणी असतं. बादली लावली की त्याची सुरुवात अजून ऐकू येते, खालच्या पट्ट्यांची, जाड. नाद चढायला लागतो, मी कान देऊन उभी राहते. तेवढ्यात बादली भरते, आणि नळ बंद करावा लागतो.